इकडचा राजीनामा

उज्जैन, रविवार

अब्बांना शमीमचा सलाम,

फोनवर "राजीनामा झाला" ऐकून तुम्ही जेवला नाहीत, असं अम्मी म्हणाली. अब्बा, इकडे राजीनामा म्हणजे समझोता. माझी नोकरी शाबूत आहे.

मशिदीच्या वरच्या हॉलमध्ये मी बायकांना शिवण शिकवते, त्या मशिनींचा आवाज कमिटीला खुपत होता. शेवटी कमिटीचे हमीदचाचा म्हणाले, "बिटिया, नमाज के वक्त मशीन बंद, बाकी वक्त हॉल आपका." काल शेजारच्या सुलूकाकूही पिको शिकायला आल्या.

गुडघ्याला तेल लावता ना?

खरं सांगते, आपल्या मराठीतला राजीनामाही मी लिहून ठेवला होता. हे पत्र त्याच्याच पाठीवर लिहिलंय. वाचून झालं की फाडून टाका.

तुमची शमीम