चादरीचं एक टोक

एका हाताने गच्चीच्या दाराची कडी धरून मी रंजिताची चादर भिजताना पाहत होते, तेवढ्यात मागून जमिला धापा टाकत वर आली आणि म्हणाली, "ताई, बघताय काय? या अल्ला, सगळे कपडे चिंब झाले! धरा हे टोक!" मी धरलं. संप तिथेच मोडला असं कोणी म्हणेल. पण मी फक्त एक टोक धरलं होतं. बाकीची तीन जमिलाने धरली.

सलाम राहून गेला. आदरणीय पाळकसाहेब (आणि ज्याचं नाक मी सहा वर्षं पुसलं तो सुशांत), नवीन पनवेलहून तुझ्या अक्काचा सलाम. तुझा रक्तदाब कसा आहे? दिपिकाचा खांदा कसा आहे? जालन्यात पाणी किती दिवसांनी येतं? माझे गुडघे आहेत तिथेच आहेत. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर येईल. फोनवर कळवता आलं असतं, पण तुझे संदेश दिपिका बायकोच्या हक्काने मोठ्याने वाचते आणि शेजारची बाई ऐकायला येते. म्हणून कागद. तू वाच आणि उशीखाली ठेव.

रंजिता म्हणजे आमच्या समोरच्या दारात राहणारी. तुला आठवेल, गेल्या नाताळात तुला दोनदा केक वाढणारी. नवरा जहाजावर, ती बेलापूरला नोकरीला. ती आमच्याच मंडळीतली आहे आणि दर रविवारी उपासनेत उभी राहून, प्रभूने तिच्यासाठी काय केलं याची साक्ष देते. दर रविवारी, सुशांत. साक्षीची वेळ आली की आमचे पाळक सभेकडे पाहतात, सभा रंजिताकडे पाहते आणि रंजिता उठते. मला या मंडळीत बावीस वर्षं झाली. मी एकदाही उठलेले नाही. सांगण्यासारखं काही घडावं लागतं. माझ्याकडे गॅस संपतो तेव्हा संपतो आणि येतो तेव्हा येतो.

आता तिच्या साक्षी ऐक. एक: ती दाराला कुलूप लावून किल्ली तशीच कुलपाला लटकती ठेवून बेलापूरला गेली. संध्याकाळी परत आली तर किल्ली दाराबाहेरच्या दुधाच्या पिशवीत सुखरूप. प्रभूने राखली. आमेन. दोन: पाणी गेलेलं असताना नळ उघडा ठेवून ती बाहेर पडली. पाणी आलं, पण घरात थेंब सांडला नाही, कारण जिन्यातला तिच्या नळाचा कॉक आपोआप बंद झालेला. आमेन. तीन, आणि ही मला असह्य झाली: दुपारी आभाळ आलं, गच्चीवर कपडे, ती कचेरीत. घरी येऊन पाहते तर कपडे घडी करून दाराशी. "कोणी ठेवले ठाऊक नाही," रंजिता म्हणाली, "देवदूतच म्हणायचा." माझ्या शेजारच्या बाईने डोळे पुसले. मी चष्मा पुसला.

देवदूत मी होते. तिन्ही वेळा. किल्ली मी काढते, कॉक मी फिरवते (वाकून, या गुडघ्यांनी), कपडे मी आणते. देवदूत घड्या घालताना उशीचे अभ्रे आधी सुलटे करत बसत नाहीत. मी बसते. म्हणजे परिस्थिती अशी की माझ्या आयुष्यात चमत्कार होत नाहीत, मी ते समोरच्या दारात करते आणि त्यांची साक्ष रंजिता देते. तू म्हणशील, चांगलं काम गुप्तपणे करावं. गुप्तपणेच केलं. पण गुप्त म्हणजे किती दिवस? जानेवारीपासून करते आहे, ऑक्टोबर लागला. शास्त्रात त्या पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडणारे चौघे आहेत. चौघांपैकी एकाचंही नाव नाही. नंतर ते छप्पर कोणी शाकारलं, तेही लिहिलेलं नाही. माझी खात्री आहे, समोर राहणाऱ्या बाईने.

तेव्हा देवदूताच्या साक्षीनंतरच्या सोमवारी मी संप सुरू केला. रागाने नाही. (रागाने.) प्रभूला माझ्याशिवाय रंजिताचं घर चालवता येतं का, एवढंच पाहायचं होतं. सोमवारी किल्ली लटकत होती. मी दाराच्या भिंगातून पाहत बसले. दहा वाजता जमिला आली. ही खालच्या मजल्यावरची, माहेर उरणचं, तिचा आणि आमच्या मंडळीचा काही संबंध नाही. तिने किल्ली काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि दुधाच्या पिशवीत टाकली. माझीच पिशवी! म्हणजे रंजिताची, पण जागा माझी. मंगळवारी कॉक जमिलाने बंद केला. बुधवारी पाऊस आला. पुढचं तुला वर सांगितलंच आहे.

रविवारी रंजिता उठली. ती म्हणाली, प्रभू कोणाकोणाला वापरतो पाहा, आमच्या जमिलाभाभी पावसात धावल्या. नाव घेतलं, सुशांत! दहा महिने मी नुसता देवदूत, आणि जमिला तीन दिवसांत जमिलाभाभी. पण थांब. पुढे ती म्हणाली, "आणि आपल्या मकासरेताईसुद्धा होत्या बरं का. त्यांचे गुडघे किती दुखतात. तरी त्यांनी एक टोक धरलं." सगळी सभा वळून माझ्या गुडघ्यांकडे पाहू लागली. बावीस वर्षांत साक्षीत माझं नाव पहिल्यांदा आलं, ते गुडघ्यांसकट. पाळकांना इतकं भरून आलं की त्यांनी तिथेच जाहीर केलं: पुढचा रविवार सोडून त्यापुढच्या रविवारी मकासरेताई साक्ष देतील. लोक आमेन म्हणाले. एकाने टाळी वाजवली.

आता आजचं. आज गुरुवार. संपाचा अकरावा दिवस. दूध गॅसवर ठेवलं आणि सवयीने भिंगाला डोळा लावला. समोर किल्ली लटकत होती आणि जिन्यावरून एक अनोळखी माणूस पार्सल घेऊन वर येत होता. संप झाला म्हणून काय घर लुटू द्यायचं? मी बाहेर पडले, किल्ली काढली, मुठीत धरली. माणूस मला पत्ता विचारून वरच्या मजल्यावर गेला. मागे वाऱ्याने माझं दार धाडकन बंद झालं. लॅच. माझी किल्ली आत टेबलावर, दूध गॅसवर, आणि मी पायपुसण्यावर उभी.

मी काशिरामला हाक मारली. काशिराम आमच्या इमारतीचं पाणी सोडतो, गव्हाणचा आहे, आणि कोणाचं तरी दार फोडायला मिळावं म्हणून तो कित्येक वर्षं वाट पाहत असावा. "बाई, घाबरू नका, आमी हाय ना! पहार आणू काय?" मी म्हटलं, पहार नको. तो म्हणाला, "बरं, नको तर नको. हातोडा?" मग त्याने माझ्या मुठीकडे पाहिलं आणि जरा नाराज होऊनच म्हणाला, "तुमची दुसरी चावी या मॅडमकरं हाय ना? तुमी जालन्याला लग्नाला गेलात तवा दिलेली. तुमची बॅग मीच उतरवली." खरं होतं. तुझ्या मुलीच्या लग्नाला येताना मी माझी जादा किल्ली रंजिताकडे ठेवली होती आणि ती परत मागायला विसरले होते. म्हणजे मीसुद्धा विसरते. हे वाक्य दिपिकाला वाचून दाखवू नकोस.

रंजिताचं दार उघडलं. आत दाराशेजारी खिळ्याला माझी किल्ली होती, तिला कागदाची चिठ्ठी बांधलेली: ताई. धावत माझं दार उघडलं. दूध उतू गेलं होतं, त्याने शेगडी विझली होती आणि गॅस सुटलेला. घरभर वास. काशिरामने शेगडीचं बटण फिरवलं, सिलिंडर बंद केला, मी खिडक्या उघडल्या. आणखी पाऊण तास गेला असता तर मी येऊन आधी अंधाऱ्या स्वयंपाकघरातला दिवाच लावला असता, आणि एका ठिणगीत भडका उडाला असता. हे दोघांनाही कळलं. काशिराम खाली बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या देवाची किरपा." मी त्याच्यासाठी चहा ठेवणार होते. त्याने ठेवू दिला नाही.

मग मी किल्ली परत खिळ्याला लावायला गेले आणि तिथे मंडळीचं कॅलेंडर पाहिलं. ज्या चौकोनांत आपण दुधाचे खाडे लिहितो, त्या चौकोनांत रंजिताने बारीक अक्षरात लिहिलं होतं: ताई, किल्ली. ताई, कॉक. ताई, कपडे. आणि प्रत्येकापुढे धन्यवादाचा ध. तिला सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. संपाच्या सोमवारी लिहिलं होतं, "ताई?" मंगळवारी, "ताई?" बुधवारी, "ताई, एक टोक. ध." पुढे कालपर्यंत ओळीने प्रश्नचिन्हं.

मी मागची पानं उलटली. दुसऱ्याच्या घरात उभं राहून उलटली, हे पाप आहे, तू पाळक आहेस म्हणून तुझ्यापाशी कबूल करते. जानेवारीच्या पानावर सगळ्यात वर एक ओळ होती. मी डिसेंबरात निवृत्त झाले हे तुला माहीत आहे. हे गेल्यानंतर शाळा होती, शाळा संपल्यावर सकाळी उठून काय करायचं हे मला कळत नव्हतं, आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. ओळ अशी होती: प्रभू, समोरच्या ताईंना रोज काहीतरी काम दे.

मी कॅलेंडर परत ऑक्टोबरच्या पानावर आणलं. म्हणजे मी तिच्या प्रार्थनेचं उत्तर नव्हते. तिचं कुलूप, तिचा नळ, तिचे परकर हे माझ्यासाठीच्या प्रार्थनेचं उत्तर होतं. चमत्कार माझ्याच दारात होत होता आणि मी त्याला दहा महिने वैतागत होते. आनंद व्हायला हवा. झालाही. पण पहिला विचार मनात आला तो असा की, बघ, इथेही तीच पुढे! तिच्या प्रार्थनेला रोज उत्तर, सुट्टीसुद्धा नाही. मी तिच्यासाठी एकदाही प्रार्थना केलेली नाही. माझ्या कॅलेंडरवर फक्त दुधाचे खाडे आहेत. डिसेंबरापर्यंत ती किल्ली विसरल्याचं मला आठवत नाही, पण तेव्हा मी दिवसभर शाळेत असायचे, म्हणून नक्की सांगता येत नाही. ती किल्ली विसरते की ठेवते, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

दिपिकाला आणि मुलांना सलाम. खांद्याला शेक द्यायला सांग. प्रभूच्या कृपेत, आणि आज जरा जास्तच, तुझी अक्का.

ता. क. १. पत्राचं मुख्य काम लिहायचं राहिलं. माझ्या साक्षीला दहा दिवस उरलेत. तुझ्या मंडळीत दर आठवड्याला दोनचार साक्षी होत असणार. एखादी जुनी, फारशी न वापरलेली पाठव. जालन्याची पनवेलला कोणी ऐकलेली नसेल. लहान चालेल. ऑपरेशन नको, लोक घरी बघायला येतात. किल्लीची तर मुळीच नको.

ता. क. २. तू म्हणशील, अक्का, आता तुझी स्वतःची आहे की. आहे. पण ती द्यायची तर उभं राहून सगळ्यांसमोर रंजिताचं नाव घ्यावं लागेल, आणि संपाचंही सांगावं लागेल. मी आरशासमोर उभी राहून पाहिलं. "रं" पर्यंत येते. माझ्यासाठी प्रार्थना कर. तरी जुनी साक्ष पाठवायला विसरू नकोस.

शुक्रवार, सकाळ. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून लिहिते. साडेआठला रंजिता गेली. किल्ली तिच्या दाराला होती. मी ती काढली नाही. माझीही माझ्या दाराला तशीच लावून ठेवली आणि कोपऱ्यावर नेऱ्याची भाजीवाली बसते तिच्याकडे गेले. मेथी घेऊन परत आले तेव्हा दोन्ही दारांना किल्ल्या नव्हत्या; जमिलाने त्या सांभाळायला म्हणून खाली तिच्या घरी नेल्या होत्या.