निवृत्तीकाकांचा डावा गाल

प्रिय अण्णा,

तुमच्या माघारी आज पहिला वस्तरा घराबाहेर गेला, म्हणून लिहायला बसले. सायखेड्याच्या निवृत्तीकाकांचा तो. त्यांच्या आजोबांनी ज्याने आख्ख्या गावाच्या दाढ्या केल्या, तोच. पात्याचा गंज तुम्ही काढलात, धार लावलीत, मूठ तेवढी करायची राहिली आणि गेलात. काम अर्धं टाकून उठायची तुमची रीत नव्हती हो!

काका वस्तरा परत न्यायला आले होते. "ऱ्हाऊ दे पोरी, आता कोण करनार?" म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करते." आई स्वयंपाकघरातून बघतच राहिली.

मूठ मला नवी नव्हती. अंबडच्या कारखान्यातून कामावरून आलात की तुम्ही पात्याला बसायचात आणि मला मुठी घासायला द्यायचात. पात्याला कधी हात लावू दिला नाहीत. "मुलीला कशाला? लागेल." दादाला मात्र हाका मारायचात, आणि तो पळून जायचा. तुमच्या या भेदाचा राग मला अजून आहे, सांगून ठेवते.

पिंपळगावच्या मामांनी द्राक्षाची जुनी बाग काढली, तेव्हा आणलेलं एक खोड सावलीत वाळत पडलं होतं. त्याची मूठ केली. काय सुरेख रेषा निघाल्या! पण मिटताना पातं आत लाकडाला घासलं आणि धारेचा टवका उडाला. मुठीच्या शेपटाला, दोन पट्ट्यांच्या मध्ये शिशाची पाचर बसते, ती निमुळती लागते, नाहीतर पातं तिरकं मिटतं, हे मला कुठे ठाऊक? तुम्ही ती बसवताना पाठ करून बसायचात. सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? त्या दिवशी खूप रडले. पात्यासाठी की तुमच्यासाठी, देव जाणे.

मग पाचर नव्याने घडवली आणि तुमचाच दगड पुढ्यात घेतला. रोज थोडं थोडं घासत टवका काढला, धार आणली. पण तुमचा नियम होता, वस्तरा आधी आपल्या गालावर चालवायचा. मी दाढी कुठून आणू? दादाने हात जोडले. "मला दोन लेकरं आहेत," म्हणाला.

शेवटी काकाच आले. टवक्याचं खरं खरं सांगून टाकलं. त्यांनी पातं उजेडात धरलं, साबण फासला आणि उजवा गाल स्वतः केला. मग वस्तरा माझ्यापुढे धरला.

"आख्खा जन्म लोकांच्या दाढ्या केल्या. माझी कुनी केली नाय. डावा तू कर."

केला, अण्णा. रक्ताचा थेंब नाही. हनुवटीपाशी आले तर काका हलेनात. घाबरून बघते, तर त्यांना झोप लागली होती.

तुमच्या कपाटात दुरुस्तीला पडून असलेला एकही वस्तरा भंगारात जाणार नाही. आणि यापुढे पात्याला मीच बसणार, रागावायचं तर खुशाल रागवा. हा माझा शब्द.

तुमची,
कुंदा