त्सूझागे की आबझागे

प्रिय स्वराली,

पत्र बघून हसशील. व्हॉट्सॲप येत असताना आईला हा टपालाचा थाट कशाला सुचला? तर फोनवर मी जरा गंभीर झाले की तू 'हो गं आई' म्हणतेस आणि मी पळवाट मिळाल्यासारखं विषय बदलते. या आठवड्यात तीनदा तसंच झालं.

रविवारी मराठी मंडळात छान बोललीस. बेसिंगस्टोकहून सकाळची ट्रेन धरून नॉटिंगहॅमला आलीस, शाळेतल्या खेळाच्या टीचरच्या रुबाबात पोरींपुढे उभी राहिलीस आणि तुझी नेहमीची गोष्ट सांगितलीस. जर्मनीतल्या फ्रायबुर्गचा जन्म, जर्मन पासपोर्ट, म्हणून सोळाव्या वर्षी त्यांच्या ज्युनियर फुटबॉल संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. मोबाइलवर जर्मनमधला फॉर्म, त्यात दोन चौकोन. त्सूझागे म्हणजे येते, आबझागे म्हणजे येत नाही. उत्तर त्याच दिवशी हवं होतं. मॅचहून परतताना, होकाराचा चौकोन कुठला ते विचारायला तू बसमधून मला फोन केलास, मागे पोरी गात होत्या, मी सांगितलं एक, तू ऐकलंस दुसरं आणि होकाराऐवजी नकार पाठवून बसलीस. सगळे खो-खो हसले. आई पुण्यात जर्मन शिकवायची आणि लेकीला दोन शब्द धड कळेनात, असं सुप्रभामावशी मोठ्यांदा म्हणाली. तूही हसलीस. पहिल्या रांगेत बटाटेवड्याची प्लेट धरून मीही हसले.

तुझ्या जागी गेलेली ती उंच मुलगी आता जर्मनीच्या मुख्य संघात आहे. अठ्ठेचाळीस सामने खेळलीय. मी तिचा एकही सामना चुकवत नाही, हे तुला माहीत नाही. तिच्या पायातून बॉल सुटला की मला बरं वाटतं. माणसाने किती हलकं व्हावं याला काही मर्यादा असावी, पण मला ती सापडलेली नाही.

तुझ्या बाबाबद्दल मी तुझ्याकडे कधी फार बोलले नाही. त्या न बोलण्याचा मला अभिमान होता, आता तोही नाही. तो दुसऱ्या संसारात रमला तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. तुला घेऊन मी इथे आले, हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर लागले, आणि दहा वर्षं दर रविवारी थर्मास घेऊन चिखलात उभी राहिले. तुझे शिनपॅड धुतले, गुडघे शेकले. त्याने तुझी एक मॅच पाहिली नाही. आणि शिबिराचं कळल्यावर लगेच त्याचा मेसेज आला की मैदान त्याच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे, स्वरालीसाठी खोली तयार ठेवलीय. जर्मनीचं राष्ट्रगीत चालू असताना तू रांगेत उभी आणि प्रेक्षकांत तो बाप म्हणून मिरवतोय, एवढंच मला त्या दिवशी दिसत होतं. तू दिसतच नव्हतीस.

रविवारी स्टेशनवर तू सांगितलंस की बुधवारपासून जर्मनचा क्लास लावलायस. मी विचारलं, आता कशाला? तू ट्रेनकडे बघत म्हणालीस, "त्या एका शब्दाची मला अजून लाज वाटते गं." गोष्ट सांगताना तू हसतेस, म्हणून तुला लागत नाही असं मी दहा वर्षं सोयीने धरून चालले होते.

आवडत असेल तर क्लासला जा, पण लाजेपायी जाऊ नकोस. त्या दिवशी तू विचारलंस, "आई, त्सूझागे की आबझागे?" मी म्हणाले, आबझागे. तुला ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा म्हणाले, सावकाश, वर्गात म्हणायचे तसं. दुसऱ्या दिवशी तू रडत होतीस तेव्हा मी सांगितलं की मी तर त्सूझागे म्हटलं होतं, गोंगाटात तू चुकलीस. मग म्हणाले, मी त्यांना पत्र पाठवलं पण उशीर झाला असं कळवलंय त्यांनी. पत्र मी कधी लिहिलंच नाही. माफी मागत नाही, मला ती मागायला तोंडच उरलेलं नाही. फक्त ही गोष्ट पुन्हा कुठे सांगशील तेव्हा खरी सांग. तू नीट ऐकलं होतंस, बाळा.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
आई