इंदूमाईंना घरी आणायचं ठरवलं

३ जानेवारी
ही वही माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही. मला अक्षर येत नाही, तेव्हा वही सुरक्षित. मी सांगते, माझी सून माधुरी लिहिते. ती मध्येच हसली तर तेही लिहायचं, असं ठरलंय.
साडेसातची मालिका काल संपली. सहा वर्षं बघितली. शेवटी काय, तर स्वरांगीने सासूला, इंदूमाईंना, वृद्धाश्रमाच्या पायरीवर सोडलं आणि खाली नावं पळायला लागली. मला भाकरी गेली नाही. दीडच गेली.
वर शिर्डीहून थोरल्या जावेचा, कडूबाईचा फोन. म्हणे, बरं झालं, म्हातारी त्याच लायकीची हुती. थोरली म्हणून मी उलट बोलले नाही. पाऊण तास उलट बोलला नाहीत, असं माधुरी म्हणते. (हसली.)
ठराव: शेवट मी बदलणार. कादंबरी लिहिणार, स्वतः छापणार. कडूबाईला पटवायला नव्हे. तिचं मला काही पडलेलं नाही. पहिली प्रत तेवढी तिला.

९ जानेवारी, सकाळ
कादंबरी सुरू. मी शेंगा फोडत सांगते, माधुरी मोबाईलवर टाइप करते. पायली शेंगांत दोन प्रकरणं झाली. लेखकांना वर्षं का लागतात कळत नाही. शेंगा नसतील.
माधुरी म्हणते, इंदूमाई अगदी तुमच्यासारख्या बोलतात, आणि स्वरांगी आतापर्यंत अकरा वेळा माफी मागून बसली. म्हटलं, अकरा कमी आहेत. मग तिने टायपिंग थांबवलं. मोबाईल गरम झाला म्हणे.

२७ जानेवारी
शेवटचं प्रकरण झालं. आठ पानं. स्वरांगी अनवाणी आश्रमात जाते. इंदूमाई तिला तीनदा विनवायला लावतात, मग उठतात. ट्रंकेसकट टेम्पोत बसून घरी येतात. गल्लीत दोन्ही बाजूंना माणसं.
मी रडले. माधुरीही डोळे पुसत होती. कांद्यानं, म्हणाली. आज घरात कांदा चिरलेला नव्हता.

४ फेब्रुवारी
संगमनेरला गहिनीनाथच्या प्रेसमध्ये. आमच्या घरातल्या चारही लग्नांच्या पत्रिका त्याच्याच. पुस्तक त्याचंही पहिलं, माझंही पहिलं. गुण जुळले.
म्हणाला, चौसष्ट पानांत बसवू, त्याच्या वर जमणार नाही. गोष्टीला साठ लागतात, चार मोकळी. मग त्यानेच विचारलं, मावशी, नावं कुणाकुणाची टाकायची?
बरं झालं विचारलं, नाहीतर गावाचा केवढा अपमान झाला असता. पत्रिकेत नाव नसलं तर लोक लग्नाला येतात पण जेवत नाहीत. इथे तर वाचणारच नाहीत. माधुरी म्हणाली, आत्याबाई, पुस्तकात अशी नावं नसतात. म्हटलं, म्हणून तर पुस्तकं कुणी वाचत नाही.

११ फेब्रुवारी
नावं पुरी. तीनशे बारा. आशीर्वाद, आपले नम्र, संयोजक, सगळं रीतसर. सोसायटीचे चेअरमन भिमाजी आणि माजी चेअरमन रंगनाथ वर-खाली नकोत म्हणून शेजारी शेजारी. गाईचा डॉक्टर. त्याचा कंपाउंडर. नातवंडांची ओळ: आमच्या आजीची कादंबरी वाचायची हं.
कडूबाईचं नाव सगळ्यात वर, ठळक. वैर वेगळं, मान वेगळा.
माधुरीचं नाव राहिलं. ती घरचीच आहे. (हसली नाही.) बरं, टाक. तीनशे तेरा.

२० फेब्रुवारी
माधुरी तीन दिवस अंगणवाडीच्या ट्रेनिंगला नगरला होती. आज आली, म्हणून मागचं सांगते.
परवा गहिनीनाथचा फोन. म्हणे, नावांनाच बारा पानं लागतात, आठ पानं जास्त होतायत, काय करू? सुनेला विचारून सांगते, असं तोंडावर आलं होतं. पण लेखिका कोण? म्हटलं, नावाला हात लावू नका, पुढचं हलवू नका, मागून काय कमी होतं ते करा. पत्रिकेच्या मागे काय असतं? कार्यालयाचा पत्ता आणि पार्किंग. म्हणाला, विचार करा मावशी. म्हटलं, केला.
हे लिहिताना माधुरीचा चेहरा उतरला. ट्रेनिंगचा शीण. तिने लगेच प्रेसला फोन लावला. प्रती बांधून झाल्या, काल शिर्डीलाही गठ्ठा गेला म्हणे. म्हटलं बघ, काम कसं फास्ट. ती काहीतरी सांगायला बघतेय. म्हटलं, कौतुक उद्या कर, आज दमलीस.

२२ फेब्रुवारी, सकाळ
गाव वेडं झालंय. घरोघरी कादंबरी. रंगनाथ तर दारात उभा राहून बोट ठेवून वाचतो. काल ज्या पानावर होता, आजही त्याच पानावर. इतकं रंगलंय. चार जणांनी येऊन सांगितलं, आजी, झकास छापलंय. गोष्टीबद्दल कुणी बोललं नाही. भारावले असतील.

त्याच दिवशी, दिवेलागण
कडूबाईचा फोन. तिच्या सुनेने हारफुलांचं दुकान बंद ठेवून सगळं एका बैठकीत वाचून दाखवलं. दोघी रडल्या. मी सावरून बसले.
म्हणाली, चांगुणा, मला वाटलं तू मुद्दाम म्हातारीला घरी आणशील. पण न्हाई, तू तिला पायरीवरच ठेवलीस. तुलाबी पटलं बघ.
मी माधुरीकडे बघितलं. माधुरीने आठ बोटं दाखवली.
कडूबाई बोलतच होती. आणखी पन्नास प्रती पाठव, इथं सगळ्या सासवांना वाटते. चौपन्न वर्षांत तू माझं पहिल्यांदा ऐकलंस, म्हणाली. आवाज इतका खूश की मी व्हय म्हणाले.
माधुरी विचारते, शेवटचं प्रकरण वेगळं छापून चिकटवायचं का. म्हटलं, सध्या नको. बसू दे इंदूमाईंना पायरीवर. ऊन आलं की त्यांच्या त्या आत जातील.