बेडरूममधलं जंगल

४ फेब्रुवारी
ही गेली बहिणीकडे. खोकला थांबेपर्यंत परत येणार नाही म्हणाली. डॉक्टरांनी म्हणे हिला बजावलंय — बेडरूममधलं माझं रेडिओ दुरुस्तीचं टेबल बाहेर काढा, तारांना सोल्डरिंगचा डाग देताना धूर होतो. अरे, त्याच धुरात सगळा संसार झाला! आणि टेबल ठेवू कुठे — डोक्यावर?

६ फेब्रुवारी
उपाय सापडला. पेपरात आलंय, घरातली झाडं हवा शुद्ध करतात. मनीप्लांट, स्नेक प्लांट आणि एक पाम आणला. टेबल जागच्या जागी.

७ फेब्रुवारी
झाडं माझी, पाणी माझं, आणि शुद्ध हवा खिडकीतून शेजाऱ्यांकडे? मला मान्य नाही. खिडक्या लावल्या. फटींत जुने पायमोजे कोंबले.

१० फेब्रुवारी
मेव्हणीला फोन केला. "भाऊजी, ताईला इथे अगदी बरं वाटतंय." मला इथे कसं वाटतंय, हे कोणी विचारत नाही. चिडून आणखी कुंड्या आणल्या. जमिनीवर जागा संपली, म्हणून पाम पलंगावर, हिच्या बाजूला. तेवढीच ती बाजू रिकामी दिसत नाही.

१३ फेब्रुवारी
भिंतीला बुरशी. चिलटं. पाणी जास्त झालं असावं. शेजारीण नाकाला रुमाल लावून दारात — "काका, आत काही मेलंय का?"
म्हटलं, हवा शुद्ध होतेय.
"मग आमची अशुद्धच बरी." सरळ आत आली, पायमोजे उपसले, खिडक्या सताड उघडल्या आणि गेली. आगाऊ बाई. झोप मात्र छान लागली.

१५ फेब्रुवारी
पामाची पानं पुसली. फडकं काळंकुट्ट. झाडांनी तरी किती गिळायचं?
टेबल गॅलरीत नेलं. एकट्याने. कंबर धरली. तिथे वारा इतका की स्क्रू हातात टिकत नाही. हिला कळवलं नाही, मला माझा मान आहे. मेव्हणीला कळवलं.

१७ फेब्रुवारी
ही आली! पलंगावरचा पाम बघून खाली बसून हसली. मग गुपचूप उचलून बाहेर ठेवला.

१८ फेब्रुवारी
रात्रभर ही एकदाही खोकली नाही. सकाळी ऐटीत म्हटलं, गेला ना खोकला?
"नव्हताच. उगाच काढत होते. तुम्हाला तपासल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ते तुमच्या छातीबद्दल. स्वतःसाठी हलवलं असतंत टेबल?"
नसतं हलवलं.