खाऱ्या पाण्याचा फेस

सर, तुम्ही ती बाटली सिंकमध्ये ओतलीत, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, माझेही केस पिकले, तरी भांडी घासताना फेस आला की तुमचा तो हात दिसतो.

कॉलेजची सहल रत्नागिरीला गेली होती. बाकीच्या मुलींनी शिंपले गोळा केले, मी धक्क्यावरच्या लाँचजवळचं तेलकट पाणी बाटलीत भरून आणलं. सोलापुरात समुद्र कुठला मिळायला. त्यात चमचाभर रॉकेल टाकून बाटली प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवली. पंधरा दिवसांनी हलवून बघते तर पाणी दुधासारखं, वर फेस, आणि तो बसायचं नाव घेत नाही. पाण्यातले जंतू तेल खाण्यासाठी स्वतःच साबणासारखं काही तयार करत असतील, असं मी धीर करून म्हणाले. तुम्ही वर्गाकडे बघून हसलात.

"बाटलीतला साबण विसळायची अक्कल नाही, आणि जंतूंचा साबण काढलाय बाईंनी."

"सर, आमच्या आडाच्या जड पाण्यातच साबण फेस धरत नाही की. आई रिठा वापरते. मग समुद्राच्या पाण्यात कसा धरेल?"

रसायनशास्त्र शिकवणारे तुम्ही. बाटली उचललीत आणि सिंकमध्ये ओतलीत. तेवढ्यावरही थांबला नाहीत. संध्याकाळी वडिलांना गाठून सांगितलंत की मुलगी धांदरट आहे, एम.एस्सी.ला पुण्याला पाठवू नका, बी.एड. करू द्या. वडिलांनी तुमचा शब्द खाली पडू दिला नाही. मैंदर्गीच्या शाळेत मी तीस वर्षं साबणाचा धडा शिकवला.

परवा नातीच्या कॉलेजच्या पुस्तकात वाचलं, समुद्रातले काही जीवाणू खरंच असे पदार्थ तयार करतात. सांडलेलं तेल फोडायला, क्रीममध्ये, औषधांतसुद्धा ते वापरून बघतात म्हणे. मी ते पान मोठ्याने वाचत होते. नात म्हणाली, आज्जी, एवढी चिडून का वाचतेस?

बाटली कशाने धुतली होतीस, एवढंच विचारायचं होतं तुम्ही. दुसरी स्वच्छ बाटली भरून आणायला सांगायचं होतं. खरंखोटं तिथेच कळलं असतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्याच महिन्यात आईने धुण्याची नवी पावडर आणली होती, ती कुठल्याही पाण्यात फेसायची. बाटली मी त्या पावडरनेच धुतली होती. घाईत विसळली की नाही, हे तेव्हाही मला आठवत नव्हतं. विचारलं असतंत तर सांगितलं असतं, असं मी जन्मभर स्वतःला म्हणत आले. नसतं सांगितलं, सर.