डॉर्कस आत्याची कात्री

३ मार्च १८६३
सायलसचं पत्र आलं – आणि मधोमध भोक! न्यूझीलंडहून दादाचं पत्र आधी डॉर्कस आत्याकडे जातं, ती घरातली सगळ्यात थोरली ना. मग आमच्याकडे. चौथ्या पानातून तळहाताएवढा तुकडा गायब. कडा सरळ. उंदीर कात्री वापरत नाहीत.

भोकाच्या वर एवढंच उरलंय – ‘आता रूबेनच्या हातात लेखणी देतो, थर्झासाठी.’

रूबेन दादाबरोबर तिकडे गेला तेव्हा मला म्हणाला होता, “घर उभं राहिलं की लग्नाला बोलावतो.” दोन वर्षं झाली. आणि आता त्यानं काय लिहिलं ते आत्याला ठाऊक, मला नाही!

४ मार्च
आई म्हणते, “असेल काही मनाला लागण्यासारखं. उगाच नाही कापायची ती.” माझ्याकडे न बघता बटाटे सोलत होती. म्हणजे हीसुद्धा सामील?

८ मार्च
चर्चबाहेर आत्या नको तितकी गोड. “वाळलीस गं थर्झे!” वर केकचा तुकडा हातात कोंबला. हिनं आजवर कुणाला साधा पाव दिला नाही! रूबेननं तिकडे लग्न केलं असणार. नाहीतर मेला असणार. लग्नापेक्षा मेलेला परवडला – देवा, काय लिहिलं मी हे! पण खोडणार नाही.

१२ मार्च
आत्याकडे चहाला गेले. तोंडावरच विचारलं. ती चक्क लाजली!

“अगं, तो किवी पक्षी होय? सायलसनं इतका गोंडस काढलेला, राहवलंच नाही मला.” आणि चिकटवही पुढ्यात टाकली. राणीसाहेबांच्या चित्राशेजारी जाडा किवी, खळीनं घट्ट बसवलेला.

“आणि पाठीमागचा मजकूर?”

“पाठीमागे होतं काही? कागद वाचवायला आडव्या ओळींवरच उभ्या ओळी लिहितो मेला, मला कुठे लागतंय ते! मी आपली चित्रं बघते.”

खोटं बोलत नव्हती. त्याचाच जास्त संताप आला. वही मागितली तर म्हणते कशी, “जपून हं, चोच मोडशील!”

१३ मार्च
किटलीच्या वाफेवर किवी सोडवला. चोच गेलीच. मागे रूबेनचं अक्षर – ‘घर झालं. येतेस? प्लिमथच्या जहाज कचेरीत तुझ्या भाड्याची सोय केली आहे. जुलैअखेर उत्तर नाही आलं, तर तुझा नकार समजेन.’

१४ मार्च
उत्तर लिहायला बसले. पत्राला पोचायला चार महिने. माणसालाही चारच, त्याच जहाजानं. दौत बंद केली. आईला हाक मारली – ट्रंक खाली काढायला हात लाव.